दुसरा पाव

"किती जण, सर?"

"दोन," बालाजी म्हणाला.

काचेचं दार ढकलून आत येणाऱ्या कुणालाही विचारला जावा असा हा साधा प्रश्न होता, आणि उत्तरातही काही खोटं नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून दीपालीनंच ही जागा सुचवली होती. ती सोलापुरातलं शिक्षकांचं प्रशिक्षण आटोपून बसनं परस्पर इथं येणार होती. म्हणजे माणसं दोनच. पण तो शब्द ज्या आवाजात तोंडातून बाहेर पडला, तो आवाज बालाजीच्या ओळखीचा असूनही आजचा नव्हता. तो थोडा चढा होता, घाईचा होता, समोरच्यानं दुसरा काही प्रश्न विचारण्याआधीच विषय संपवून टाकणारा होता. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात नोकरी करणारा, जनगणनेच्या प्रगणकांना शिकवताना एकेक शब्द तोलून बोलणारा बेचाळीस वर्षांचा माणूस असा बोलत नाही. असा नऊ वर्षांचा पोरगा बोलतो, रांगेत उभा राहून, मागच्यांचा रेटा पाठीवर घेत. बालाजी दारातच क्षणभर थबकला. त्याला वाटलं, आपल्या पाठीमागं खरंच कुणीतरी उभं आहे. मागं वळून पाहण्याचा मोह त्यानं आवरला आणि काळा एप्रन बांधलेल्या त्या माणसामागून तो आत गेला.

गावाच्या ऐन मध्यावर, कापडाच्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा बार चार महिन्यांपूर्वी निघाला होता. रविवारची दुपार असल्यानं टेबलं बहुतेक रिकामी होती. तांब्याच्या रंगाचे दिवे खाली लोंबत होते, काचेच्या मांडणीत बाटल्या रांगेनं उभ्या होत्या, कुठूनतरी हलकं, शब्द नसलेलं संगीत येत होतं. एप्रनवाल्यानं त्याला कोपऱ्यातल्या सोफ्याकडं नेलं. सोफ्यामागं दगडी भिंत होती. काळे ओबडधोबड दगड, मधे मातीच्या रंगाचा भराव. बालाजी तिथं बसला नाही. सास्तूरच्या त्याच्या वयाच्या माणसाला दगडमातीच्या भिंतीकडं पाठ करून बसता येत नाही. हे तो कुणाला सांगत नसे, निमूट जागा बदलत असे. आजही त्यानं खिडकीजवळचं टेबल मागितलं. जाता जाता त्यानं बोटाच्या पेरानं एक दगड वाजवून पाहिला. आतून पोकळ आवाज आला. प्लास्टिकचा पत्रा होता तो, भिंतीवर चिकटवलेला. एवढ्या हौसेनं कुणी असली भिंत विकत आणत असेल याचं त्याला नवल वाटलं, आणि मग आपल्याच नवलाची थोडी लाज वाटली.

"खोटी हाय सर ती," एप्रनवाला हसून म्हणाला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर गुंडाप्पा असं नाव होतं. पन्नाशीचा, कानडी हेल असलेला, सीमेकडच्या कुठल्यातरी गावचा असावा. "खरी बांधली असती तर म्याच आलो नसतो नोकरीला. मॅडम येतेत का? तवर गार काय देऊ?"

"लिंबू सोडा द्या. आणि बर्गर सांगून ठेवा, दोन. हा बोकडाचा म्हणतायत तो."

"चांगला हाय. पण हातानं खावं लागतंय बघा. काल एक साहेब काट्या-चमच्यानं खायला बसले. निम्मा टेबलावर, निम्मा शर्टावर. वर मलाच म्हणतेत, तुमचा बर्गर सुटा हाय."

जाड कागदावर छापलेल्या त्या यादीत पदार्थांची नावं कमी आणि वर्णनंच जास्त होती. उस्मानाबादी बोकडाच्या मटणाची हातानं कुटलेली टिक्की, निखाऱ्यावर भाजलेली. वर लसणाची चटणी, परतलेला कांदा, वितळतं चीज. बालाजीला मनातल्या मनात हसू आलं. गावाचं नाव बदललं, बसच्या पाट्या बदलल्या, त्याच्या कार्यालयातले शिक्केसुद्धा बदलून आले, पण शेळीचं नाव काही बदललेलं नव्हतं. मायला हे सांगायला हवं. माय अजून गावाला जुन्याच नावानं हाक मारायची. मेंढरं राखण्यात हयात गेलेल्या घरातली ती. बोकड या नावानं कागदावर चढला हे ऐकून ती काहीतरी खवचट बोलली असती.

बर्गर आले ते लाकडी पाटावर, प्रत्येकाच्या पोटात बांबूची काडी खुपसलेली. वरचा पाव फुगीर, तपकिरी, तुपाचा हात फिरवल्यासारखा चकाकणारा. त्याच्यातून निघालेली वाफ नाकाशी आली आणि बालाजीच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं. मटणाचा वास नव्हता तो. आंबवलेल्या पिठाचा, किंचित गोड, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा वास होता. त्या वासापाठोपाठ दुसरा एक वास असायला हवा होता, तो इथं नव्हता, आणि तो नसल्यामुळंच जास्त जाणवत होता. कसला, ते त्याला आठवेना. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, बस तुळजापुरात उभी आहे," दीपाली म्हणाली. "टायर बसलं म्हणे. ड्रायव्हर खाली उतरून टायरकडं बघतोय आणि आम्ही सगळे ड्रायव्हरकडं. तासभर तरी लागेल."

"थांबतो मी."

"थांबू नका. गार झाल्यावर काय मजा? तुम्ही खाऊन घ्या, माझा बांधून आणा. पंधरा वर्षांत एकदा बाहेर जेवायचं ठरवलं तर ही तऱ्हा." मग ती हसली. "आणि पाव कुठला आहे ते आधी विचारून ठेवा. नाहीतर आई घरात घेणार नाहीत."

हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. माय पाव खात नसे असं नाही, पण पाव घरात आला की ती पहिल्यांदा विचारायची, "कुठला हाय?" लोहारा गावचा असला तर तो उंबऱ्याच्या बाहेर. दीपाली लग्न होऊन आली त्या वर्षी अजाणतेपणी लोहाऱ्याचा पाव घेऊन आली होती, तर मायनं तो शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकला. तेव्हापासून दीपाली विचारूनच आणायची आणि हसण्यावारी न्यायची. कारण तिला अर्धंच माहीत होतं. अख्खं कारण जगात दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक दोन वर्षांपूर्वी वारला होता.

फोन ठेवून बालाजीनं यादी उलटी केली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत भाज्या कुठून येतात, बोकड कुठून येतात ते लिहिलं होतं. शेवटची ओळ अशी होती: आमचे पाव रोज सकाळी लोहाऱ्याच्या बाबामियाँ बेकरीतून येतात.

आणि मग तो दुसरा वास आला. ब्लीचिंग पावडरचा.

गेल्या गुरुवारी वसीम घरी आला होता. बाबामियाँचा थोरला मुलगा, आता स्वतःच पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर पांढरी टोपी, हातात लग्नपत्रिका. मुलीचं, आफरीनचं, लग्न होतं पुढच्या रविवारी. पोर्चमधल्या पलंगावर माय बसली होती. बालाजी आत खोलीत होता. खिडकीतून त्याला सगळं ऐकू येत होतं. वसीम म्हणाला, "गजराक्का, अब्बांनी जाता जाता सांगितलं होतं, सास्तूरच्या अक्कांना पहिली पत्रिका द्यायची." माय म्हणाली, "त्या घरची भाकर आमाला नगं." बस, एवढंच. पाणीही विचारलं नाही. वसीमनं पत्रिका पलंगाच्या कडेला ठेवली, "सलाम अक्का" म्हणाला आणि गेला. बालाजी खोलीतच उभा राहिला. चार पावलं टाकून बाहेर यायचं, वसीमला थांबवायचं, आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या तोंडाशी विरून गेला. मग त्यानं बाहेर येऊन ती पत्रिका उचलली आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवली. ती अजून तिथंच होती, आताही, त्याच्या पायाशी ठेवलेल्या बॅगेत.

त्यानं बर्गर उचलला. तो हातात घेतल्यावर कळलं की अंगठ्याच्या नखानं तो वरच्या पावाची कातडी सोलतो आहे. चकचकीत तपकिरी पापुद्रा एका बाजूनं सुटत आला होता.

वरचं सारजाचं. आतलं पांढरं त्याचं. त्याची धाकटी बहीण सारजा तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला पावाचं फक्त वरचं आवडायचं. लोहाऱ्याच्या बाजारातून माय पाव आणायची, एकच, दोघांत. सारजा मांडी घालून बसायची, जीभ दातांत धरून अख्खा पापुद्रा एका तुकड्यात सोलायची, तो तळहातावर पसरून आधी बघायची आणि मग खायची. राहिलेला पांढरा, मऊ, उघडा पाव त्याच्या हातात द्यायची, जणू काही ती उपकारच करत होती. वडील, बिरदेव, साप चावून गेले त्यानंतरची ती दोन वर्षं. पुढं पुढं माय त्याला दुकानात पाठवताना म्हणायची, "दोन आण रं. सारजीचा इसरू नगंस." दोन हा शब्द तेव्हापासूनच त्याच्या तोंडात तयार असायचा.

गणपती बुडवून आलेली पोरं भूकंपाच्या त्या पहाटे देवळापुढच्या मांडवातच झोपली होती, म्हणून तो वाचला. घरात झोपलेल्या दोघींतली एक वाचली. उजाडल्यावर जे दिसलं ते त्यानं इतक्या वर्षांत स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. तो तुकड्या-तुकड्यांनीच ते आठवायचा आणि ज्या तुकड्याशी थांबायचा तो नेहमी एकच असायचा. लोहाऱ्याहून पाव घेऊन आलेला एक टेम्पो, त्यातले पाव कुणीतरी चिखलात उतरवून ठेवलेले, आणि दाढीवर मैद्यासारखी पांढरी धूळ बसलेला, उंचापुरा एक माणूस, मैद्याच्या गोणीच्या कापडात काहीतरी गुंडाळून दोन्ही हातांवर घेऊन चाललेला. ते काहीतरी फार लहान होतं. कापडाबाहेर एक पाऊल होतं, त्यात तोरडी होती. त्या माणसानं वाटेत उभ्या असलेल्या बालाजीकडं पाहिलं. "तुझी कोण?" म्हणून विचारलं. "बहीण," बालाजी म्हणाला. "बैस इथं, बेटा," असं म्हणून तो माणूस पुढं गेला. ते बाबामियाँ. त्यांनी सारजाला नेलं, आणि परत येऊन त्याच टेम्पोत कंबर मोडलेल्या मायला घालून सोलापूरच्या दवाखान्यात पोचवलं. मायला शुद्ध नव्हती. तिनं काहीच पाहिलं नाही.

चौथ्या दिवसापासून पाव रीतसर वाटायला लागले. पत्र्याच्या शेडपुढं रांग लागायची. बालाजी तेव्हा शेजारच्या शांतलिंग अप्पांच्या कुटुंबात निजायचा, पण रांगेत स्वतःच उभा राहायचा. टेम्पोच्या फळीवर बाबामियाँ बसलेले, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. "किती जण, बेटा?" त्यांनी मान वर न करताच विचारलं. "दोन." पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं, आणि ओळखलं. बालाजीनंही ओळखलं की आपल्याला ओळखलं आहे. पाठीमागची माणसं रेटत होती. ते खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. तो शब्दच आधी बाहेर पडला, दुकानात पडायचा तसा. आता तो मागं घेता आला असता. त्यानं घेतला नाही. बाबामियाँनी एक पाव दिला, मग दुसरा दिला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "दोन," आणि पोराच्या ओंजळीत दोन पाव ठेवले.

पहिल्या दिवशी दुसरा पाव त्यानं घराच्या ढिगाऱ्यावर नेऊन ठेवला, चुलीची जागा असावी तिथं. सकाळी तो नव्हता. कुत्र्यानं नेला असेल, कावळ्यानं नेला असेल, हे त्याला तेव्हाही समजत होतं. दुसऱ्या दिवशी अर्धा ठेवला. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याकडं जाता जाता त्यानं त्याचा पापुद्रा सोलला, नीट, एका तुकड्यात, जीभ दातांत धरून, आणि खाल्ला. मग ढिगाऱ्यावर ठेवण्यासारखं काही राहिलं नाही. त्यानंतर रोज, आधी स्वतःचा पाव आणि मग तिचं वरचं, मग तिचं आतलं. ओल्या मातीवर सगळीकडं पांढरी पावडर मारलेली असायची. तिचा झोंबणारा वास आणि ताज्या पावाचा वास एकमेकांत मिसळून जायचे.

आणि बालाजीला आता, या तांबूस उजेडात, लिंबू सोड्याच्या ग्लासावरचे थेंब बघताना जे छळत होतं ते नुसतं खोटं बोलणं नव्हतं. त्याला ते दिवस हवेसे वाटत होते. हे त्यानं कुणाला कसं सांगावं? ते पंचवीस दिवस त्याला गोड आठवत होते. पत्र्यांवर वाजणारा पाऊस, फौजी जवानांनी खांद्यावर बसवून फिरवलेली पोरं, आकाशात घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर, त्याच्या मागं ओरडत पळणं, शाळा नाही, मेंढरं नाहीत, पोटभर पाव. त्याला वाटायचं की माय येईपर्यंत हे असंच चालेल, आणि त्याच्या खोल, न कळणाऱ्या भागाला असंही वाटायचं की रोज दोन पाव मिळतात त्या अर्थी आपण अजून दोघं आहोत. वहीत तसं लिहिलेलं आहे. आयुष्यात नंतर त्याला पुष्कळ मिळालं. शिक्षण, नोकरी, दीपाली, स्लॅबचं घर. पण त्या ओंजळीतल्या दोन गरम पावांइतकं भरलेलं काही मिळालं नाही, आणि ज्याला हे असं वाटतं तो कसला माणूस, या प्रश्नापाशी तो गेली तीस-बत्तीस वर्षं येऊन परत फिरत होता.

प्रगणकांच्या प्रशिक्षणात तो दरवेळी एक वाक्य न चुकता सांगायचा. घरात मोठं माणूस नसेल तर पुन्हा जा. लहान मुलाच्या सांगण्यावरून माणसं लिहू नका. एकदा एका तरुण शिक्षिकेनं विचारलं होतं, "सर, मुलं कशाला खोटं सांगतील?" त्यानं फळ्यावर पुढचा मुद्दा लिहायला घेतला होता.

बाबामियाँ दर दोन-चार दिवसांनी जखमींना भाकरी-कपडे पोचवायला सोलापूरला जायचे. मायनं त्यांना विचारलं, "माझी पोरं कशी हायत?" ते म्हणाले, "दोघंबी पाव खातेत, अक्का. रोज दोन नेतो तुमचा पोरगा." कंबरेचं ऑपरेशन व्हायचं होतं तिचं. त्यांना दुसरं काय बोलता आलं असतं, हे बालाजीला पुढं मोठा झाल्यावर कळलं. आणि त्यातले शेवटचे शब्द अक्षरशः खरेही होते. पंचविसाव्या दिवशी माय टेम्पोतून उतरली ती दोन काठ्यांवर, आणि कनवटीला कागदाची पुडी. दवाखान्यातल्या कुणा बाईकडून तिनं हिरव्या काचेच्या लहान बांगड्या घेतल्या होत्या, चार. "सारजे," तिनं शेडपाशी हाक मारली. सगळ्या बायका खाली बघायला लागल्या तेव्हा तिला कळलं.

तिनं ती पुडी बाबामियाँच्या अंगावर फेकली. "तुमी तर दोघंबी खातेत म्हणला व्हता!" ती ओरडली. "मेल्या पोरीच्या नावानं मला जगिवलं व्हय तुमी?" बांगड्या फळीवर फुटल्या. बाबामियाँच्या डाव्या हाताला टेकून बालाजी उभा होता. त्यांचा तळवा त्याच्या खांद्यावर होता. फक्त एकदा तो तळवा किंचित दाबला गेला. ते म्हणाले, "चुकलं माझं, अक्का. माफ करा." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो कदाचित बोलला असता. त्यांना तेच नको होतं, असं आता त्याला वाटतं. त्या नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावरचं त्यांनी उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं, सहज, पिठाचं पोतं उचलावं तसं. आणि त्यानं ते मरेपर्यंत त्यांच्या डोक्यावर राहू दिलं. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचं कळलं तेव्हा कार्यालयात बैठक होती म्हणून तो मातीला गेला नाही. बैठक संध्याकाळीही ठेवता आली असती.

"सर, गार झाला की हो," गुंडाप्पा शेजारी येऊन उभा होता. "आवडला न्हाय का?"

बालाजीनं मोठा घास घेतला. टिक्कीत खोबरं आणि जिरं होतं, लसूण तिखट होता, चीज दातांना चिकटत होतं. सगळं चांगलं होतं, विचारपूर्वक केलेलं होतं. पण त्याची जीभ त्या सगळ्याला बाजूला सारून पावाचीच चव धुंडाळत होती. पूर्वीपेक्षा लोणी जास्त होतं, बहुधा अंडंही होतं. तरी खाली, तळाशी, तीच भट्टी होती.

"चांगलाय. पाव फार चांगला आहे."

"वसीमभाई स्वतः आणतेत सकाळी. एक गंमत सांगू? पन्नास सांगितले तर एक्कावन असतेत. मोजून. म्या म्हणलो, भाई, एक वर आला तुमचा. म्हणले, राहू द्या, बापाचा नियम हाय. देताना एक वर टाकायचा. मागणाऱ्याचा हिशोब इचारायचा न्हाय." गुंडाप्पा हसला. "तो एक्कावन्नावा आमी मागं चहासंगं खातो."

बालाजीनं बर्गर पाटावर ठेवला. त्यानं सोडा प्यायला, खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या, रसवंतीचं चाक फिरत होतं. बॅग पायाला लागत होती. माय सत्तरीच्या पुढं गेली होती. तिच्या मनात तो माणूस फसवणारा म्हणूनच राहिला तर उद्या ती तसंच घेऊन जाईल, आणि मग ते खोटं दुरुस्त करून सांगायला समोर कुणीच उरणार नाही. त्याच्याशिवाय कुणाला ते खोटं आहे हेसुद्धा माहीत नसेल. गुरुवारी खोलीत उभं राहून तो पुन्हा नऊ वर्षांचा झाला होता. पण गुरुवारी त्याच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता. गुरुवारचं गप्प राहणं त्याचं एकट्याचं होतं.

"दुसरा बांधून द्या," तो म्हणाला.

"मॅडमचा?"

"नाही," तो म्हणाला, आणि बॅग उचलून उठला.

घरी पोचला तेव्हा माय पोर्चमधल्या पलंगावर बसून शेंगा फोडत होती. काठी भिंतीला लावलेली, मांडीवर सूप.

"एकलाच? दीपा कुठाय?"

"बस बंद पडलीय. येईल तासाभरात."

"बरं झालं. तू मोठा साहेब, तिला मातूर एस्टीत ढकलतोस." तिनं त्याच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. "काय हाय त्यात?"

"पाव हाय, माय."

"कुठला?"

"लोहाऱ्याचा. बाबामियाँच्या भट्टीतला."

शेंग फोडायची थांबली. "मग आत कशाला आणलास? टाक तिकडं गोठ्यात."

तो पलंगासमोर फरशीवरच बसला. बोलायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली कार्यालयातली भाषा कुठंतरी गळून पडली आहे. "माय, दोन म्या म्हणलो व्हतो."

"कसलं दोन?"

"रांगेत. बाबामियाँनी इचारलं किती जण, म्या म्हणलो दोन. रोज. तू येईस्तवर. त्यांनी तुला जे सांगितलं ते म्याच सांगितलेलं. सारजीचा पाव म्या खाल्ला, माय."

माय त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. लांबचं काहीतरी दिसावं म्हणून माणूस डोळे बारीक करतं, तशी ती बघत होती. गल्लीतून कुणाचीतरी सायकल गेली.

"त्याला ठावं व्हतं? ती न्हाय म्हणून?"

"व्हय. त्यांनीच तर तिला उचलून नेलं व्हतं. आपल्या हातांनी."

"आन् तरी देत व्हता?"

"व्हय."

"बांगड्या फेकल्या म्या, तवा तू तिथंच व्हतास. त्याच्या बाजूला."

"व्हय."

"बोलला न्हायस."

"न्हाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मांडीवर पडलेली टरफलं एकेक करून वेचली, मुठीत धरली, आणि मूठ तशीच मिटून बसली. मग ती त्याच्याशी नव्हे, समोरच्या रस्त्याशी बोलल्यासारखं म्हणाली, "परवा त्याच्या पोराला म्या पाणीबी इचारलं न्हाय."

बालाजीनं बॅग उघडून पत्रिका काढली आणि पलंगावर ठेवली, वसीमनं ठेवली होती तिथंच. तिनं तिच्याकडं पाहिलं, हात लावला नाही. हात तिनं डब्याकडं नेला. झाकण काढलं, बर्गर उचलून सगळ्या बाजूंनी पाहिला, काडी उपसून काढली.

"ह्यात मटन बी हाय व्हय?"

"हाय. उस्मानाबादी बोकडाचं."

"पावाच्या मदी बोकड घालत्यात," ती पुटपुटली. "येड्यांचा बाजार."

तिनं वरचा पाव अलगद काढून घेतला, बाकीचं डब्यात ठेवून दिलं. पाव नाकाशी नेला. तशीच थांबली. मग अंगठ्याचं नख कडेला लावून ती पापुद्रा सोलू लागली. तिची बोटं वाकडी झाली होती, त्यामुळं वेळ लागत होता. पण तिनं घाई केली नाही, तुटू दिला नाही. अख्खा पापुद्रा एका तुकड्यात सुटून आला. तळहातावर पसरून तिनं तो पाहिला.

"घे," ती म्हणाली आणि हात त्याच्यापुढं केला.

"माय, ते तुला—"

"घे की. तिचं वरचं खायची तुलाच सवय हाय."

हा टोमणा होता की काय होतं, ते त्याला तिच्या आवाजावरून कळेना, आणि विचारण्याची त्याची हिंमत नव्हती. त्यानं तो पापुद्रा घेतला आणि तोंडात घातला. पोर पूर्ण गिळेपर्यंत नजर न हलवणाऱ्या बाईसारखी ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं गिळलं. तेव्हा कुठं तिनं हातातल्या उघड्या, पांढऱ्या पावाचा एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि दात नसलेल्या हिरड्यांनी तो हळूहळू चघळू लागली.